उल्हासचा वाटा

रापणीचा हिशेब माझ्याकडे असतो.
होडीचे दोन वाटे, जाळ्याचे चार,
ओढणाऱ्याला एक, पोरासोरांना अर्धा,
आणि मूठभर पेडवे देवाच्या नावाने
जे शेवटी कुत्रेच खातात.

दोरी ओढताना माणूस मागे मागे चालतो,
समुद्राकडे तोंड करून.
आपण कुठे चाललोय ते दिसत नाही,
फक्त पुढच्याची पाठ दिसते.
सात वर्षं मला उल्हासची पाठ दिसली:
उजव्या खांद्याखाली काथ्याचा जुना वळ,
मानेवर मिठाची पांढरी रेघ.
पाठीवरूनच सुरू झालं सगळं, असं म्हणता येईल.
मी कधी म्हटलं नाही.

त्या रात्री सुरूच्या बनात आम्ही दोघं होतो.
बॅटरीचा झोत आला तेव्हा
तो उठून उजेडात उभा राहिला
आणि मी काळोखात आडवाच राहिलो.
दुसरा कोण, हे गावाने त्याला विचारलं,
आधी तोंडाने, मग दोरीने.
तो म्हणाला, "परगावचो होतो. नाव म्हायत नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्याचा वाटा
वाळूवर ठेवायला लागले. हातात कोणी देईना.
ज्या दोरीला चाळीस माणसं लागतात
तिच्यावर त्याच्या मागेपुढे
दोन दोन हात जागा मोकळी,
जणू तिथे दोरीलाच झार चिकटली आहे.
त्याच्या आईची पाटी बाजारात कडेला सरकली,
मग आणखी कडेला, मग गटारापाशी.
बहिणीचं कुडाळचं जमलेलं मोडलं.
पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही,
चहा अर्धा ठेवून उठले.

त्या साली बांगडा आला नाही.
बाहेर एलईडीच्या बोटी रात्रभर समुद्राचा दिवस करत होत्या,
किनाऱ्यावरून शहरासारख्या दिसायच्या.
पण गाऱ्हाणं घातलं गेलं ते उल्हासवर.
गावकार नारळ धरून म्हणाले,
"बा देवा म्हाराजा,
ह्या दर्यात जा काय वंगाळ शिरला असात
ता दूर कर रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
माझा आवाज मुळातच मोठा.
त्या दिवशी जरा जास्तच लागला.

तो गेला.
कारवारला बर्फाच्या कारखान्यात आहे म्हणतात.
कोणी म्हणतं आहे, कोणी म्हणतं होता.
माझं लग्न झालं. बायको चांगली आहे.
कधीतरी विचारते, "झोपेत कसली दोरी ओढतास?"
तिचं यात काय चुकलं,
तो हिशेब मला अजून जमलेला नाही.

वहीत दर मोसमाला मी उल्हासचा एक वाटा लिहितो.
कुठून आणतो? माझ्यातून.
पैसे बिस्किटांच्या डब्यात. हवा खारी, नोटा दमट होतात.
कुठल्या पत्त्यावर पाठवू, माहीत नाही,
असं स्वतःला सांगतो.
कारवार चार तासांवर आहे.

यंदा परत मासा रोडावला. परत नारळ, परत गावकार.
आता रापणीवर मेथरांचा धाकटा येतो, अर्ध्या वाट्याचा.
चालताना हात जरा हलतात त्याचे,
म्हणून पोरं त्याला बायल्या म्हणतात
आणि मोठी माणसं ऐकून हसतात.
"ता दूर कर रे म्हाराजा!"
सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.
मी दात आवळून उभा होतो.
एका तोंडाची शांतता कोणाला ऐकू येणार?
लाटा होत्याच.

पण तो पोरगा माझ्याकडे बघत होता.
मी नजर वाळूकडे वळवली,
मग, उशिरा, परत वर आणली.