विनाहेल्मेट

पावणेएक वाजता पुष्पराज चौकात बॅरिकेड आडवं.
गाडी थांबली, बांगड्या थांबायला जरा वेळ लागला.
मागं बसलेला नियाज कानात म्हणाला,
"तालीम होती म्हणू. सांगलीत चालतंय."

खरंच चालतं. या गावात
रात्री उशिरा साडी नेसलेला पुरुष
कुठल्यातरी तिसऱ्या अंकातून परत येत असतो
असं समजायला कुणाची हरकत नसते.

साडी हर्षलाची. मोरपिशी, काठ थोडा विटलेला.
सात पिना दातांत धरून तिनं एकेक मारल्या.
ब्लाऊज मिरजेत शिवलेला, बहिणीचा म्हणून.
शिंपी टेप गुंडाळत म्हणाला होता,
ताईंचे खांदे भरदार आहेत.
हेच खांदे घेऊन मी दिवसभर
मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला फिरतो.
नखांतलं पिवळं जात नाही.
आज त्याच्यावर लाल लावलं.

ढाब्यावर नियाजचा वाढदिवस,
अख्खा मसूर, भाकऱ्या, कांदा फोडलेला.
मी नुसती बसले होते,
पदर ताटात पडू नये इतकीच काळजी.

टॉर्च पायांपासून वर आला.
नऊ नंबरची चप्पल. निऱ्या. पोट.
मग गळ्याशी थांबला, कंठ हलतो तिथं.
"लायसन."
पर्समधून काढून दिलं. पर्ससुद्धा हर्षलाची,
आत तिच्या डोकेदुखीच्या गोळ्या.

पोरगा नवा होता, परभणीकडचा असावा.
कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड.
फोटोत मिशी. नाव शीतल भूपाल मगदूम.
"नाव बाईचं, फोटो माणसाचा,
आणि तू मधी कोण?"
नियाज म्हणाला, तालीम...
"मग म्हण की एखादं वाक्य."

एकही आठवेना.
"तालीम नव्हती साहेब. जेवायला गेलतो."

'गेलतो' ऐकून तो हसला, चोर सापडल्यासारखा.
त्याला काय माहीत, आमची आईसुद्धा
बस्तीतनं आली की दारातनं ओरडते, "मी आलो गं."
काकू, वहिनी, सगळ्याच आलो-गेलो करतात.
त्या शब्दात माझ्याआधी
कितीतरी बायका राहून गेल्यात.

त्यानं मोबाईल वर केला. फोटोसाठी.
मला उद्याचा सौदा दिसला,
पोत्यापोत्यावर बसलेले लोक
आणि हातोहात पुढं ढकललेली मी.
घाम पाठीवरून उतरत पिनांपर्यंत गेला.

तेव्हा खुर्चीतला हवालदार उठला,
चहाचा कप जीपच्या बॉनेटवर ठेवला.
"ठेव तो फोन."
कार्ड लांब धरून वाचलं, चष्मा नव्हता.
"शीतल इकडं गड्याचं नाव असतंय रे.
तीर्थंकर आहेत त्यांचे. नववे का?"
"दहावे."
"कुठले मगदूम?"
"समडोळी."
सगळ्यात वाईट प्रश्न हाच होता.
समडोळीत तो कुणाकुणाला ओळखतो
ते चेहऱ्यावरून कळेना.
"घरात ठाऊक आहे?"

उसाची एक ट्रॉली गेली, मग दुसरी जोडलेली.
तेवढा वेळ मिळाला.
मी बोलले नाही, त्यानंही परत विचारलं नाही.

"हेल्मेट कुठाय?"
"आंबाडा मोडला असता."
हे मात्र खरं सांगितलं.
मागच्या गाडीवर हर्षला फिस्सकन हसली.
हवालदार हसला नाही, मिशी तेवढी हलली.

पाचशे. मशीनमधून कागद आला, कोमट.
शीतल भूपाल मगदूम. शून्य शून्य छप्पन्न.
गुन्हा: विनाहेल्मेट.
बाकी काही लिहिलं नव्हतं. मी उलटूनही बघितलं.

पोरगा बॅरिकेड सरकवताना एक शब्द बोलला.
तो कानात आहे अजून, इथं लिहीत नाही.

कागद सौद्याच्या वहीत ठेवलाय.
शाई उडत चाललीय. आधी रक्कम गेली,
मग वेळ.
नाव अजून वाचता येतं.