तिसरा पाइप

चाळीस वर्षं वोबेनं समुद्र गावाबाहेर ठेवला.
आमचं गाव समुद्राच्या दीड मीटर खाली.
पाऊस लागला की पंपघराचा फोन,
फोन आला की त्याचं जेवण ताटात गार.
आता निवृत्त झालाय,
आणि तोच माणूस चारशे लिटर समुद्र
माझ्या बैठकीच्या खोलीत आणतोय.

मिठाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसतो,
टाकीच्या कडेला कंगव्यासारखे दाते बसवतो.
वरचं पाणी, तेलकट साय धरलेलं,
तेवढंच आधी दातांतून उतरलं पाहिजे.
"फट रुंद ठेवली तर मासे जातील,
अरुंद ठेवली तर शेवाळ अडेल."
मग कानस घेऊन एकेक दात घासतो,
आणि पांढरा भुसा माझ्या गालिच्यावर.

दुकानातला थाइमन, मिसरूड नुकतं फुटलेलं,
सगळ्यांत मोठा पंप पुढे सरकवतो.
ताशी सहा हजार लिटर!
वोबे डबा उलटा करतो, चष्मा कपाळावर चढवतो.
"हे जमिनीवरचं झालं.
दीड मीटर चढवून, दोन वळणं घेऊन
किती उरतं ते सांग."
पोरगं फोनमध्ये शोधत राहतं.
साडेतीन उरतात. कदाचित.
लग्नाआधी त्याच्या आईनं मला
त्याच्याबद्दल जे सांगितलं होतं,
तेही सगळं जमिनीवरचंच होतं.

घेतला तो मधला पंप, हळू करता येणारा.
घरी बादली आणि घड्याळ लावून त्यानं तो मोजला,
डब्यावर विश्वास ठेवणं त्याच्या रक्तात नाही.

इंजिनांनी त्याचे कान खाल्लेत.
म्हणून पाइपावर तळवा ठेवतो आणि माझ्याकडे बघतो.
आता?
गुळण्या करतोय कुणीतरी.
झडप किंचित फिरवतो. आता?
म्हातारा सूप पितोय.
आता?
मी बोट वर करते: थांब.
पाणी चाललंय, आणि खोलीत
फक्त भिंतीवरचं घड्याळ.
इतकं लक्ष देऊन त्यानं माझ्या तोंडाकडे
केव्हा बघितलं होतं, आठवत नाही.

पाइप तीन आहेत.
पहिला गळ्यापर्यंत भरलेला, सगळा भार त्याचा.
दुसऱ्यातून उरलंसुरलं, बोटभर धार.
तिसऱ्याचं तोंड दोन बोटं वर, कोरडं.
"हा काय करतो?"
"काही नाही."
"मग पैसे कशाला घातलेस?"
तो नुसता हसतो, सरकारी नोकरीतल्यासारखा.

रविवारी स्वतःच्या हातानं वीज बंद करतो.
बंद पडलेला बघितल्याशिवाय पंप आपला म्हणायचा नाही.
वरचं पाणी खाली येऊ लागतं, येतच राहतं,
खालच्या टाकीत चढत चढत
माझ्या लाल नेलपॉलिशच्या रेघेखाली
अंगठ्याएवढं अंतर ठेवून थांबतं.
पुन्हा चालू. पुन्हा बंद. तीनदा.
मी टॉवेल हातात धरून उभी.
टॉवेल कोरडाच राहिला
म्हणून मला थोडं वाईटही वाटलं.

फेब्रुवारीत एका रात्री, तीनच्या सुमाराला,
खालून आवाज आला.
गुळण्या नाहीत, सूप नाही,
नवाच आवाज, घाईघाईनं बोलणाऱ्या परक्या माणसाचा.
वोबे घोरत होता.
उभ्या जिन्यावरून त्याचे मोजे घालून मी खाली.
पहिल्या पाइपाच्या तोंडात गोगलगाय,
बूच बसावं तशी.
पाणी चढलेलं, काठाला एक पेर कमी,
आणि तो कोरडा, बिनकामाचा,
घटाघटा सगळं एकटा पीत होता.

मी गोगलगाय काढली, काचेवर लावली.
पहिल्यानं मोठा श्वास ओढला, मग गप्प झाला.
तिसरा शेवटचे दोन थेंब बोलला.
जमीन कोरडी. मी वर जाऊन झोपले.

सकाळी त्यानं नेहमीसारखा पाइपांवरून हात फिरवला.
तिसऱ्यावर थांबला.
बोट जिभेला लावून बघितलं.
मग कॉफी ओतताना, पाठमोराच,
"किती वाजता?"
"तीन," मी म्हटलं. "अंडं खा, गार होतंय."