दुसरा शनिवार

पहिल्यांदा गेले ती मुलासाठी.
तो तेव्हा चौथीत; गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर
नुसती विमानं.

जुहूच्या धावपट्टीमागे एक शेड,
दारावर पाटी : संग्रहालय.
आत दोन पंखे, त्यांतला एक बंद,
आणि लाकडी घोड्यांवर,
पर काढून ठेवलेल्या पापलेटासारखं
एक हार्वर्ड.

"लढाऊ आहे?"
मिस्किटा म्हणाले, "लढायला शिकवणारं."
पोरगं हिरमुसलं. म्हणजे शाळाच की.

आता तो पुण्यात. विमानांचं नावही काढत नाही.
अडकले मी.
दुसऱ्या शनिवारी बँक बंद;
कुकर उतरवते, भाजी झाकते, निघते.
नवरा विचारतो, "काय म्हणतोय पेशंट?"
मी सांगते : या महिन्यात
एक बिजागरी, अकरा रिव्हेट.

खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याला बुरा येतो,
गिरणीतल्या भिंतीवर पीठ बसावं तसा.
मिस्किटा तो दात घासायच्या ब्रशनं काढतात.
चंदेरी रंगाखाली पिवळा,
पिवळ्याखाली एक आकडा,
सात असेल, एकही असेल.
तिथं त्यांनी हात थांबवला.
सहा महिने झाले, तो आकडा तसाच आहे
आणि मला दर वेळी वेगळा दिसतो.

पंखाखाली चार भोकं.
सहलीची मुलं बोट घालून बघतात.
"सरावाचे बॉम्ब टांगायचे इथं."
विश्वस्तांचं म्हणणं, लाकडाचे करून रंगवू, फोटो छान येतील.
मिस्किटा हो म्हणाले.
गेली दोन वर्षं
त्यांना हवं तसं लाकूड मिळत नाहीये.

सुकाणूचं कापड शिवायला हेमांगी तोडणकर आली,
पार्ल्याला साड्यांना फॉल-पिको करते.
मेणाचा दोरा, इंचाइंचाला गाठ.
म्हणाली, "फॉलचा टाका दिसला तर बायका पैसे कापतात,
इथं म्हणे दिसलाच पाहिजे."
मग वरून डोपचे हात, एकावर एक,
शेडभर पिकल्या केळ्यांचा वास,
आणि सैल, गबाळं कापड
ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं.
तिनं टिचकी मारली. पुन्हा मारली.
"मी शिवलेलं उडेल?"
"नाही बाई. कण्यात भेग आहे."
"मग तीनशे चाळीस टाके कशाला?"
मिस्किटांनी सुई डबीत ठेवली, डबी खिशात.
"कुणी मोजायला आलं तर?"

मी हिशेब तपासणारी बाई.
मला हे उत्तर पटलं,
का ते नवऱ्याला सांगता आलं नाही.

पुढच्या जागेत बसू देतात मला, चप्पल काढून.
दांड्याला गुंडाळलेला चामड्याचा पट्टा
एका ठिकाणी गुळगुळीत, अंगठ्याच्या मापाचा.
एकोणीस-वीस वर्षांचे असतील सगळे.
कुणाचा घाम, कुणाची भीती,
मागच्या जागेतून कुणाचं ओरडणं :
नाक वर, गाढवा, नाक वर.
माझा अंगठा तिथं बसत नाही. लहान पडतो.

उंचीमापक चोरबाजारात सापडला.
विकणारा घड्याळ म्हणून विकत होता :
"बंद आहे, पण भिंतीला शोभेल."
बंद नव्हता. त्याला चढायला काही मिळालं नव्हतं.
मिस्किटांनी काच पुसली, काटा शून्यावर आणला,
चार स्क्रू पिळले.

ऑगस्टमधला दुसरा शनिवार.
समुद्रावर कुठंतरी कमी दाब, आभाळ पत्र्याला टेकलेलं,
शेडमध्ये आम्ही दोघं आणि चालू असलेला तो पंखा.
"जरा इकडे या," मिस्किटा म्हणाले.
हवेचा दाब उतरला की काटा फसतो, त्यांनी समजावलं,
त्याला वाटतं आपण वर आलो.

घोड्यांवर टेकलेलं, पंख भिंतीला, चाकं पोत्यात,
इंजिनाच्या जागी नुसता अंधार.
काटा तीनशे फुटांवर.

मी खाली पाहिलं नाही.