न ओवायचे मणी

बाद्री राचाच्या डोंगरातून आला,
सात तास मिनीबसमध्ये, मांडीवर ओलं वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात पाच कोवळी पानं.
म्हणाला, "गोगो, हिचं नाव सांग."
गोगो म्हणजे पोरी. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

वेल तुतीवर चढलेली, आजोबांच्या वेळची.
द्राक्षं उतरवायला शिडी लागते
आणि घरात कुणीतरी रडणारं नसावं लागतं.
गावात तिला नुसतं 'वरची' म्हणतात.
"वरची हे काय नाव झालं?"

द्राक्षाचं पान हट्टी.
खलात घेतलं की चिकट होतं, काळवंडतं,
तुझं इथे काय काम, असं विचारतं.
मीठ, साबण, कढत पाणी.
वरची निवळ तेवढी उचलली
आणि तिच्यात मणी सोडले.

हे मणी ओवायचे नाहीत. भोक नाही त्यांना.
एका थेंबात लाखो;
डोळ्याला दिसतो तो चहाचा गाळ.
पण पोटात लोखंडाचा अंश, आणि अंगावर अशी साय
की मिठाच्या पाण्यात डीएनए येऊन बिलगतो,
जानेवारीत मांजर शेगडीला बिलगतं तसा.

ट्यूब चुंबकाला टेकवली
आणि लाईट गेली.

सेंट्रिफ्यूज कण्हत कण्हत थांबलं.
फ्रीजचा सूर तुटला.
एलगुजा अंधारातून म्हणाला, "झालं. घरी चला."
मी मोबाईल दातांत धरला.
चुंबकाला वीज लागत नाही.
त्याला कळतही नाही, तिबिलिसी विझलंय ते.
उजेडाच्या एवढ्याशा गोलात
तपकिरी धूर भिंतीकडे सरकला,
सरकत सरकत रेघ झाला,
बाकीचं पाणी लख्ख.
ते उपसून फेकलं:
हिरवेपणा, तुरटपणा, खलातला सगळा तंटा.

दोनदा अल्कोहोलनं धुतलं.
मग वाळू द्यायचं. पण किती?
ओली चमक जावी, तडा जाऊ नये.
कागदावर पाच मिनिटं लिहिलंय, कागदाला काय कळतं.
आई अक्रोड दोऱ्यात ओवायची,
द्राक्षरसाच्या खळीत बुडवून माळा टांगायची,
आणि बोटाची मागची बाजू लावून सांगायची,
अजून नाही.
अजून नाही.
आता.

शेवटी नुसतं पाणी.
मिठानं जे धरलं होतं ते पाण्यानं सुटतं,
भांडण न करता.
पुन्हा चुंबक. मणी भिंतीला, वेल पाण्यात.
अश्रूएवढं, असं लिहिणार होते,
पण मोजलंय मी: पन्नास मायक्रोलिटर.

पाच आठवड्यांनी फोन केला.
नाव नाही सापडलं, बाद्री.
पण एका नमुन्याशी जुळतं. तोही बिननावाचा.
तुमच्याच गावचा, तीन वर्षांपूर्वी आलेला.
आणणारी त्सिआला, नदीपलीकडची.

बराच वेळ फक्त कोंबड्या ऐकू आल्या.
"तिच्याशी आम्ही बोलत नाही.
पाटाच्या पाण्यावरून." मग, "किती जुळतं?"
जिथे जिथे पाहिलं तिथे सगळं.
एकाच वेलीच्या दोन काड्या.
कधीतरी कुणीतरी कुणाला दिली असणार.
"आमच्याकडून तिकडे गेली असणार!"
ते डीएनए सांगत नाही, मी म्हणाले.
"मग सांगतं तरी काय?"
आणि फोन आपटला.

फ्रीझरमध्ये दोन्ही ट्यूब एकाच डबीत ठेवल्यात.
झाकणांवर नंबर.

ऑक्टोबरात, रात्री दहाला:
"गोगो, तिची पिकली का गं? विचारून सांगशील?"
म्हटलं, तुम्हीच जा की, नदी ओलांडून.
"पूल वाहून गेलाय."
कधी?
तो जरा थांबला.
"एकोणीस वर्षं झाली."