शालजोडीतला

आमच्या काखेतीत तमादा म्हणजे
जेवण संपेपर्यंत गावाचा घसा.
प्याला त्याने उचलायचा, शब्दही त्यानेच,
आणि ज्याच्या नावाने उचलले
त्याला ढगापर्यंत पोचवून मगच खाली बसायचं.
यात कुणी खोटं बोलत नाही.
फक्त खरं किती, ते मोजत नाही.

पार्मेन कालवे खात्याचा मोठा साहेब.
त्या उन्हाळ्यात पाट असे कोरडे
की बेडूकसुद्धा पायी नदीकडे निघाले.
साहेबाच्या अंगणात मात्र नवं कारंजं,
मधोमध दगडी मासा,
तोंडातून रात्रंदिवस पाणी.
तिथेच त्याच्या मुलीचं लग्न. तमादा मी.

शिंग काठोकाठ भरून म्हणालो,
"पार्मेन, तुझे उपकार कसे फेडू?
आमची द्राक्षं पाण्यावाचून हटून बसायची,
तू त्यांना वळण लावलंस.
बायका पाटावर जमून चहाड्या करायच्या,
तू गावातली चहाडीच आटवलीस.
आणि एका दगडाच्या माशाची तहान
तुला बघवली नाही!
असं काळीज देव एका पिढीत एकालाच देतो."

थांबलो.
टेबलाखाली पाय लटपटत होते, लपवू कशाला.
वाटलं, आता कुणाची तरी खुर्ची मागे सरकेल.

सरकल्या. दीडशे सरकल्या.
गाउमार्जोस! सगळे उभे, प्याले वर.
ज्याचा अख्खा मळा वाळला तो ओतिया
सगळ्यांत मोठ्याने ओरडला, आणि रडला.
पार्मेनने मला छातीशी धरलं,
"मासा! माशाचं कुणाला सुचलंच नव्हतं रे!"

जोडा शालीत गुंडाळून मारला होता,
गावाने शाल तेवढी ठेवून घेतली.

कितीतरी वर्षं मी गावाला ठार बहिरं म्हणत फिरलो.
एकदा त्सियालाजवळ बोललो,
ती तेव्हा लग्नात वांगी तळत होती.
कढईवरून नजर न काढता म्हणाली,
"तू जन्मभर सगळ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस.
त्या दिवशी एकाला त्याच झाडावरून ढकललंस,
आणि आम्ही बघायचं वर, सवयीने.
ओतियाचं म्हणशील, तर
त्याने तुझा शब्दही ऐकला नाही.
जूनपासून रडू घेऊन हिंडत होता बिचारा,
कुठेतरी उतरवायचं होतं."
मग म्हणाली, सरक, तेल उडेल.

गेल्या शरदात मला सत्तर झाली.
जुमबेरचा पोरगा आता तमादा,
मीच घडवलेला.
त्याने शिंग उचललं: "आमचे गुरू!
एका वाक्यात मावेल ते
यांनी कधी एका वाक्यात कोंबलं नाही.
यांच्या कृपेने या गावात
आजवर कुणी कच्चं मांस खाल्लं नाही.
उलट पाहुण्यांना दाढी फुटली,
पण घाई कुणी केली नाही!"

माझे डोळे भरून आले.
त्याला मिठी मारली, कपाळाचा मुका घेतला.
दारात एक लहान मुलगी
ओंजळीत तोंड घालून उभी होती.
खोकला झाला असेल.

रात्री अंथरुणावर
ते वाक्य पुन्हा आठवलं, मांसाचं.
अर्ध्यावर सोडून कूस बदलली.

शाल चांगली आहे, उबदार.
आत काही टणक लागतंय,
पण थंडी संपेपर्यंत
उलगडायची नाही म्हणतो.