सहा नट

अंपायर मिळेना म्हणून मला उभं केलं.
रबाळ्याहून रात्रपाळी उतरून
सरळ घणसोलीच्या मैदानावर आलो होतो, डबा हातात,
पोराची बॅटिंग बघून झोपायला जाणार होतो.
"काका, तुम्ही फक्त बॉल मोजा," मढवींचा निकेत म्हणाला.
कॅप्टन. वय वर्षं तेरा.

मोजायला खडे शोधले, तर मैदानात खडाच नाही.
पोरांनी मार्चातच वेचून काढलेले, दोन पोती.
खिशात हात घातला, नट निघाले.
बारा एमएमचे, सहा.
एक बॉल, एक नट, डाव्या खिशातून उजव्या.
अख्खा उन्हाळा मग असाच मोजला.

पहिली मॅच दिव्याच्या पोरांशी. हरलो.
दुसरी कोपरखैरण्याशी. त्यांचे बूट पांढरे, पाणी थंड.
आमचा उस्मान चपला भिरकावून अनवाणी धावला,
तरी हरलो.
तिसरीत बॉल वरच्या हायटेन्शनच्या तारेला लागला.
तारेला लागला की डेड, हा इथला नियम.
कळव्याचा कोच म्हणाला, पुस्तकात दाखवा.
पुस्तकात आमची तार कुठून असणार?
भांडण वीस मिनिटं चाललं, तेवढ्यात मी
मॅटचे उखडलेले दोन खिळे ठोकून घेतले.
ती जिंकलो.

मे लागला. खाडीकडून खारट, गरम वारा.
थर्डमॅनला उभा बिट्टू यादव
फ्लेमिंगोंचा थवा उठला की वर बघत राहायचा,
कॅच सुटायचा.
कुणी शिव्या देत नसे,
सगळेच वर बघत असायचे.

पाचव्या रविवारी अर्ध्या मैदानात मांडव.
भोईरांकडची हळद. मिडविकेटला खुर्च्यांच्या थप्प्या,
त्यामागे मटणाचे टोप.
नवरीच्या मामानं नियम सांगितला:
मांडवात गेला तर दोन, टोपात गेला तर आउट
आणि वर धुलाई.
नवरीचा धाकटा भाऊ आमचाच विकेटकीपर,
कानामागे पिवळा, तसाच ग्लोव्ह्ज घालून आलेला.

त्याच मॅचला मी प्रणितला एलबी दिला.
अकरा बॉलांत बारा हवे होते, तो सत्तावीसवर.
डीजे इतका मोठा की बॉलचा टप्पासुद्धा ऐकू येईना.
बॉल आत आला, पॅडवर, मधल्या स्टंपसमोर.
अपील एकानंच केलं, तेही अर्ध्या तोंडानं.
बाप आहे, देणार नाही, असं धरून चाललेले बहुतेक.
बोट वर गेलं. माझंच.
तो काही बोलला नाही.
पत्ता चुकीचा सांगणाऱ्या माणसाकडे बघतात
तसं बघितलं आणि चालू लागला.

घरी आठवडाभर गप्प.
बायको म्हणाली, काय अडलं होतं तुमचं?
म्हटलं, केसाएवढा फरक असला तरी
मी पार्ट पास करत नाही.
"पोरगा पार्ट नाहीये," ती म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी काढून धुवायला गेली.

शेवटची मॅच ऐरोलीत.
सकाळी खिसा चाचपला तर नट पाचच.
धुण्यात गेला की टपरीवर पडला, कळेना.
सहावा म्हणून एक रुपया घेतला.

प्रणित नॉन-स्ट्रायकरला आला, माझ्या शेजारी.
बॉलर मार्ककडे परत चाललेला.
"किती राहिले?"
"दोन."
त्यानं ग्लोव्ह काढला, खिशातून नट काढला,
माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता.
"मीच घेतला होता," म्हणाला.
मग ग्लोव्हची पट्टी दातानं ओढत,
माझ्याकडे न बघता,
"बॅटला लागलेला तो."

बॉलर धावत सुटला होता.
अंपायरनं त्याचा पाय बघायचा असतो, मी बघितला.
नट कुठल्या खिशात टाकला, आठवत नाही.
त्या ओव्हरला बहुतेक सात बॉल पडले.