सोळा बिटांचं दार

एलेउतेरियो चिगुआय यांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला,
अजून प्लॅस्टिकच्या आवरणातला,
आणि शेजारी, मैद्याच्या पिशवीत गुंडाळलेली, एक सीडी.
बोटांना सायप्रसच्या भुशाचा वास.
"हे ह्यात घाल," एवढंच म्हणाले
आणि शेगडीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले,
पाव भाजून व्हायचीच काय ती वाट पाहायची असल्यासारखे.

लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही.
त्यांनी तो उलटा करून पाहिला,
कडेकडेनं अंगठा फिरवला, फळीतली गाठ शोधावी तसा.
मी दवाखान्यात जाऊन एक्स-रेवाल्या यास्नाचा
बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला.

सीडी फिरली, घरघरली, थांबली, पुन्हा फिरली.
सत्त्याण्णव सालचा प्रोग्राम,
होडीच्या पोटाच्या रेषा काढून देणारा.
कास्त्रोच्या खाडीत तरंगणाऱ्या लाकडी लांचांपैकी
निम्म्यांच्या बरगड्या ह्यातून निघाल्यात
असं ते सांगतात. मी मोजलेल्या नाहीत.

पहिला नकार सव्वाअकराला.
हा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.
इतका सभ्य, की भांडताही येईना.
मी नव्या यंत्राला सांगितलं, तू जुना आहेस असं समज.
त्यानं समजून घेतलं,
आणि तरीही नाहीच म्हणालं.

दुपारी शिंपल्यांचा रस्सा पिताना डोक्यात उजेड पडला:
प्रोग्राम बत्तीस बिटांचा,
इन्स्टॉलर मात्र सोळा.
म्हणजे घर राहण्याजोगं आहे,
दारच तेवढं जुनं,
आणि ह्या चौसष्टवाल्या गावात
तसली बिजागरी कुणी ओळखत नाही.

पण आमच्या चिलोएत घर हलवायचं झालं
तर दार उघडायला कोण जातं?
खाली ओंडके, पुढे बैल,
गावभरचे हात दोराला,
आणि अख्खं घर, पडद्यांसकट, टेकडीवरून खाली.

"जुना संगणक टाकलात कुठे?"
"कोंबड्यांच्या खोपटात."

खाऱ्या हवेनं मेलेला.
उघडला तर आत हिरवा गंज, एक वाळलेला कोळी,
आणि डिस्क. ती मात्र फिरली.
मी अख्खं फोल्डर ओढून आणलं,
बैल नाहीत, शेजारी नाहीत, एक केबल.
वाटेत एक फाइल मागे राहिली होती,
तिच्यासाठी पुन्हा एक खेप.

मग त्यानं सिरीयल नंबर मागितला.
पिशवीच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं,
धाकट्या भावाचं, एरिबेर्तोचं अक्षर.
चौथा आकडा एक की सात?
"सातच. तो सातला आडवी रेघ मारायचा."
रेघ नव्हती.
"मग एक."
एक चालला नाही.
ते बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले.
"घाईत असेल," म्हणाले. "घाईत तो रेघ विसरायचा."
सात.

खिडकी उघडली.
एवढ्या मोठ्या पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी.
तिच्यात हिरव्या रेषांची एक होडी,
सावकाश, अडखळत, स्वतःभोवती वळणारी.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.
चष्मा कपाळावर सरकवून ते पुढे वाकले.
"पिछाडी चुकलीय."
माझा जीव खाली. फाइल बिघडली?
"नाही, नाही. पहिल्यापासूनच चुकतो हा.
पिछाडी दोन बोटं अरुंद काढतो.
पंचवीस वर्षं मी हातानं रुंद करतोय."

मग दिवसभर हे कशासाठी, मी विचारलं,
जरा चिडूनच.

त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीची घडी घातली,
पैसे मोजले, वर एक धुरावलेला मासा ठेवला.
"नवा आणला असता," म्हणाले,
"तर तो किती चुकतो
हे कळायला आणखी पंचवीस वर्षं
कुठून आणू?"